सुरतेत नऊपैकी आठ

सुरत कशी आहे, असं शाळेत सगळ्यांनी विचारलं आणि मी "छान आहे" म्हणून सुटका करून घेतली. खरं सांगायचं तर सुरत मी नीट पाहिलीच नाही. पाच दिवस मी माझ्या धाकट्या बहिणीकडे बघत होते आणि जळत होते. हो, जळत होते. आता बावन्नाव्या वर्षी लपवून काय करू?

मी अमळनेरला प्राथमिक शाळेत शिकवते, पहिलीचा वर्ग. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. गेल्या वर्षीच्या आखाजीच्या सणापासून माझा उजवा खांदा बिघडला. हात डोक्याच्या वर गेला की हाड खोबणीतून अर्धवट सटकायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात मला लिहिता येईना. मी खाली वाकून लिहू लागले, तर मागच्या बाकावरच्या पोरांना दिसेना. मुख्याध्यापिका दोनदा म्हणाल्या, "मॅडम, हात चालत नसेल तर स्वेच्छानिवृत्तीचं बघा." तिसऱ्यांदा म्हणाल्या असत्या तर कागदच पुढे केला असता.

गावातल्या हाडवैद्याने खांदा हिसका देऊन बसवला. कट्ट असा आवाज आला, मला केवढं बरं वाटलं! चौथ्या दिवशी कपबशी उचलताना परत सटकला. मग सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, तुमचे सांधे बांधून ठेवणारी आतली जोडणीच जन्मापासून सैल आहे, हे घराण्यात चालतं, घरात आणखी कुणाला आहे का? मी म्हटलं, "नाही." आणि घरी येऊन ज्योतीला फोन लावला.

ज्योती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, सुरतेला बँकेत, म्हणून ती वीस वर्षं तिकडेच. तिला हेच दुखणं आहे हे तिने तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा मी चार बायकांत म्हणाले होते, "ज्योतीला काम नको असलं की दुखतं." आता तिच्याकडेच जायचं होतं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "ये आक्का. जानेवारीत ये, पोंक असतो."

भेस्तान

स्टेशनवर ज्योती स्वतः आली होती, आणि चक्क जिना चढून. मागच्या आखाजीला पाहिली तेव्हा कंबरेला पट्टा बांधून ओट्यावर बसून होती, उठवायलाही कुणी लागायचं. आता पायात पांढरे बूट, पंजाबी ड्रेस, पाठीला लहानशी पिशवी. माझी बॅग तिने उचलली नाही. हमालाला हाक मारली आणि मला म्हणाली, "तूपण नाही उचलायची." मला वाटलं, झाली शेठाणी!

भेस्तानला त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाली धुळे-नंदुरबारकडचे, मागाच्या कारखान्यांत कामाला असलेले लोक राहतात. जिन्यात 'आठे ये', म्हणजे इकडे ये, अशी अहिराणी ऐकू येते आणि त्यांची पोरं एकमेकांशी गुजरातीत भांडतात. शेजारीण बाई दारातच म्हणाल्या, "ह्याच का तुमच्या आक्का? सर्कससारख्या वळतात त्या?" म्हणजे माझी कीर्ती सुरतेपर्यंत पोचलेली होती. मला उगाच बरं वाटलं.

कीर्तीचं सांगते. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि आमच्या घरी त्या दुपारी "आक्काचा खेळ" होतो. मी अंगठा वळवून मनगटाला लावते, पाठीमागे हात नेऊन नमस्कार करते, पाय मानेमागे टाकते. लहानपणापासून. सगळे ओट्यावर जमतात, टाळ्या वाजवतात. आई सगळ्यांना सांगते, "मनी पोर रबरनी शे!" म्हणजे माझी पोर रबराची आहे. ज्योतीलाही बोलवायचे. ती दरवर्षी मान खाली घालून म्हणायची, "मला नाही येत." आणि मी दुप्पट जोराने वाकायची.

तर, भेस्तान. ज्योतीचं घर बघून माझ्या पोटात दुखलं. डबे सगळे कमरेच्या उंचीवर. मिक्सर ओट्यावरच मांडलेला, कधी उचलायचा नाही. बरण्यांची झाकणं उघडायला रबरी तुकडा. पीठ मळायला मशीन. झोपायला चार उशा, एक मानेला, एक गुडघ्यांत, दोन हातांना. आणि भावजी स्वतः उठून चहा करतात! माझ्या घरी चहाचं पातेलं कुठे असतं हे आमच्या ह्यांना विचारा, उत्तर मिळणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी जाऊन गरमागरम लोचो आणला. अर्धवट शिजलेल्या खमणासारखा दिसतो, वर तेल, शेव, कांदा. आमच्याकडे असा पदार्थ कुणी केला तर सासू म्हणेल, बिघडला. इथे लोक त्यासाठी रांग लावतात. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि म्हणाले, "ठीक आहे."

पर्वत पाटिया

दुसऱ्या दिवशी ज्योती मला तिच्या हेतलबेनकडे घेऊन गेली. "माझी हेतलबेन" असंच म्हणते ती, जशी काही विकत घेतलीय. हेतलबेन कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे मणके आणि सांधे हातांनी बघणारी. परदेशात शिकून आलेली. पर्वत पाटियाच्या चौकाजवळ साड्यांच्या दुकानांवर तिचा दवाखाना. खाली टेम्पोत गाठोडी चढत होती, जिन्यात नव्या कापडाचा वास. मी कायरोप्रॅक्टर मोबाइलवर पाहिलेले होते, माणसाची मान धरतात आणि कडकट्ट वाजवतात. मी मनाची तयारी करून गेले होते. थोडी उत्सुकही होते, खोटं कशाला बोलू.

हेतलबेन पस्तिशीची, बुटकी, हात मऊ. ज्योतीला बघून म्हणाली, "ज्योतीबेन! घुटना कैसा छे? परसों पतंग तो नथी उडाव्या ने?" दोघी हसल्या. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला तिथल्या तिथे राग आला.

पहिला तासभर तिने मला हात लावला नाही. डॉक्टरांचं पत्र वाचलं, एक्स-रेचे फोटो पाहिले. मग म्हणाली, "बेन, मैं दवा की डॉक्टर नहीं हूं. ये जो ढीला है वो ढीला ही रहेगा. दर्द कम हो, जोड कम सरके, इतना कोशिश करेंगे. और गर्दन को मैं झटका नहीं देती. आप जैसे लोगों में किसी भी जोड को नहीं." मी मनात म्हटलं, मग मी एवढ्या लांब कशाला आले?

फॉर्मवर एक प्रश्न होता, पहिल्यांदा खांदा कधी सटकला. मी लिहिलं, "फळ्यावर लिहिताना." ज्योती शेजारीच बसली होती. तिने ते दोनदा वाचलं.

मग परीक्षा. सैलपणा मोजायची त्यांची पद्धत असते, एकूण नऊ गुण. करंगळ्यांचे दोन, अंगठ्यांचे दोन, कोपरांचे दोन, गुडघ्यांचे दोन आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले की एक. गुण! तीस वर्षं मी गुण देत आलेय, मला कुणी दिले नव्हते. हेतलबेन प्रत्येक वेळी सांगत होती, "जितना आराम से जाय, एटलुंज," म्हणजे तेवढंच. मी कशाला ऐकते! करंगळी मागे, दोन. अंगठे मनगटाला, दोन. कोपरांत मात्र एकच मिळाला, कारण डावं कोपर लहानपणी झोक्यावरून पडून मोडलं होतं, ते सरळही होत नाही. गुडघे दोन. तळवे खटकन जमिनीला. आठ!

"ज्योतीला किती होते?" मी विचारलं.

"वो उनकी फाइल है, बेन. मैं नहीं बता सकती."

म्हणजे कमीच असणार, मी धरून चालले. सहा, फार तर सात. इतका आनंद झाला की काय सांगू! ज्योतीला भाव देणाऱ्या त्या खोलीत ज्योतीला दाखवावं, हेतलबेनलाही दाखवावं, असं वाटून कुणी विचारलं नसताना मी म्हटलं, "हे बघा, हेही येतं," आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन नमस्कार जोडला.

उजवा खांदा सटकला.

मी ओरडले. मला वाटलं, आता ती ओढणार. तिने ओढलं नाही. मला हळू बसवलं, हाताखाली एकावर एक उशा रचल्या, कोपर असं टेकवलं की हाताचं वजनच उरलं नाही. मग खांद्याच्या मागे दोन बोटं ठेवली, चिकू पिकलाय का बघावं तशी. "सांस छोडो. कुछ मत करो. दुखे छे?" दुखत होतं. रस्त्यावरचा एक टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, हाड आपणहून आत सरकलं. कट्ट नाही, काही नाही. मला रडू आलं.

"ऐसा पहली बार कब हुआ था?" तिने पुन्हा विचारलं.

मी डोळे पुसत होते. ज्योती म्हणाली, "आखाजीला. आमच्या घरी. हाच नमस्कार करताना."

"तुला कुणी विचारलं होतं?" मी तिच्या अंगावर ओरडले.

"मी समोर बसले होते ना, आक्का. तुझा चेहरा पाहिला. तू टाळ्या वाजेपर्यंत हात तसाच धरून ठेवला होतास."

हेतलबेनने फॉर्मवरचं "फळ्यावर लिहिताना" खोडलं आणि नवीन लिहिलं. माझ्या गुणांच्या चौकोनातला आठ तिने तसाच ठेवला. मग म्हणाली, "आठ बहुत ज्यादा है, बेन. यहां ज्यादा मार्क किसी को नहीं चाहिए."

पोंक

तिसऱ्या दिवशी मी ज्योतीशी बोलत नव्हते. घरात पाहुणी म्हणून राहायचं आणि बोलायचं नाही हे कठीण काम आहे, पण मला जमतं. भावजी सकाळी पोंक घेऊन आले. पोंक म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचे हिरवे कोवळे भाजलेले दाणे. आम्ही शेतात आगटीभोवती बसून तळहातावर कणीस चोळून खातो, बोटं काळी होतात, धूर डोळ्यांत जातो. इथे तो साफ करून पिशवीत मिळतो, बरोबर लिंबाची आणि मिऱ्याची शेव. चवीला आमच्यासारखाच, पण कष्ट नाहीत. सगळं ज्योतीच्या संसारासारखं, मला वाटलं.

दुपारी आम्ही दोघी गॅलरीत हिरवा लसूण निवडत बसलो. ती पाय जमिनीवर टेकवून खुर्चीत, मी नेहमीसारखी पाय मुडपून खाली, टाचा बाहेर काढून. ती म्हणाली, "अशी बसू नको. गुडघे जातात."

"तुझे गेले म्हणून माझे जाणार का? मला आठ आहेत," मी म्हटलं. बोलायचं नाही हे विसरले. "तुला किती होते? सांग ना आता. फाइल तुझीच आहे."

ती लसूण निवडत राहिली. "जाऊ दे."

"सहा?"

"नाही."

"सात? मग सांग की! लाज कसली त्यात?"

"नऊ," ती म्हणाली.

मी हसले. खरंच हसले. "तुला? तुला तर अंगठासुद्धा यायचा नाही. दर आखाजीला 'मला नाही येत' म्हणायचीस."

"यायचं, आक्का. सगळं यायचं. पाय मानेमागे टाकून मी हातांवर चालायचेसुद्धा, मागच्या खोलीत, दार लावून. तुझं डावं कोपर मोडल्यावर तर तुझ्याहून जास्त यायचं."

"दाखव."

"नाही दाखवणार."

"म्हणजे थापा मारतेस!"

"बरं, थापा." तिने लसणाची मुळं कागदात गुंडाळली. मी उठून आत निघाले होते, तर मागून म्हणाली, "आईने तुला दुसऱ्या कशासाठी कधी नावाजलं होतं? मला गणितासाठी नावाजायची, गोऱ्या रंगासाठी, हस्ताक्षरासाठी. तुझं तेवढं एकच होतं. तेपण मी घेतलं असतं तर?"

बारा वर्षांची असेल ती तेव्हा. फार तर तेरा. एवढीशी पोर, आणि तिने हे हिशेब करून माझ्या पदरात टाकलं, आणि मी पस्तीस वर्षं ते स्वतःचं म्हणून मिरवलं! मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता. घराचा, चहाचा, हेतलबेनचा हेवा वाटणं वेगळं. आता हिच्या चांगुलपणाचाही करू का? आणि गंमत बघा, खेळ माझ्यासाठी सोडला म्हणून तिचे खांदे अजून जाग्यावर आहेत. कंबर गेली ती बाळंतपणात, वाकून नव्हे. चांगलंही तीच वागली आणि फायदाही तिलाच. कर्म माझं!

मी आतल्या खोलीत जाऊन तिच्या चारही उशा घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत झोपले. खांदा दुखला नाही, हे आणखी वाईट.

पुन्हा पर्वत पाटिया

चौथ्या आणि पाचव्या दिवशी उपचार झाले. उपचार म्हणावेत तर हसू येईल. पालथं झोपायचं, पोटाखाली, घोट्यांखाली उशा. कमरेखाली तिरके ठोकळे सरकवून ती नुसती थांबते, शरीराचं वजन आपलं काम करतं. पेनाएवढं एक यंत्र पाठीवर ठेवते, टक, टक, मुंगीने धडक द्यावी एवढंच. खांद्याला तर तेही नाही, बोटंच. मी मधूनमधून विचारायची, "झालं का सुरू?" ती म्हणायची, "कब का, बेन."

जास्त वेळ आरशासमोर जायचा. खांदा खोबणीत नीट बसलेला असताना कसा वाटतो हे मला ठाऊकच नव्हतं. बावन्न वर्षं मी सांध्याच्या शेवटच्या टोकाला लोंबकळत उभी होते. हात भिंतीवर टेकवायचा, भिंतीला हळूच ढकलायचं, दहा आकडे. पुढे जाता येत असलं तरी जायचं नाही, हाच व्यायाम. "जा सकता है, पर नहीं जाना," हेतलबेन सांगायची. मला घाम फुटायचा. पाय मानेमागे टाकणं ह्याच्यापेक्षा सोपं.

ज्योती कोपऱ्यात बसून बघायची. ती शिकवल्यासारखं बोलली असती तर मी भांडले असते. ती माझ्याबरोबर बोटांवर आकडे मोजायची. निघताना जिन्यात मी म्हटलं, "तुला काम नको असलं की दुखतं, असं मी बोलले होते. तुला कळलं असेल."

"कळलं होतं."

"मग?"

"मग काय? आता तुलाही काम नको," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी साड्यांच्या गाठोड्यांना टेकून हसलो. तिथला गठ्ठे मोजणारा माणूस म्हणाला, "बेन, माल पर मत बैठो."

शेवटच्या संध्याकाळी भावजींनी डुमसला नेलं. समुद्र मातकट, वाळू काळी, टोमॅटोची भजी फार चांगली. वाळूत माझे घोटे दर पावलाला वळत होते. ज्योती बूट घालून पुढे चालली होती, ताठ, सावकाश. मला आधी हेवा वाटला, मग मी तिच्या पावलांवर पाऊल ठेवून चालले. ते सोपं पडलं.

आखाजी

अमळनेरला येऊन तीन महिने भिंत ढकलली. वर्गात एक बुटकं स्टूल आणून घेतलं, त्यावर उभं राहिलं की हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही आणि फळ्याची वरची ओळसुद्धा लिहिता येते. मुख्याध्यापिका बाई दारात येऊन बघून गेल्या. खांदा दोनदाच सटकला. दोन्ही वेळा मी ओढला नाही, उशी ठेवून थांबले.

आखाजीला माहेरी गेलो. सगळ्या लेकी, जावई, नाती. निंबाला झोका बांधलेला. जेवणं झाली, ओट्यावर सगळे बसले आणि आई सवयीने म्हणाली, "चला, आक्काना खेय!" पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. आईचं वय झालंय, डोळ्यांना कमी दिसतं, पण ह्या खेळासाठी चष्मा लावून बसते.

मी उभी राहिले. हात पाठीमागे जायला लागले होते, खोटं कशाला सांगू. जात होते, अगदी सहज. आणि झोक्यावर ज्योती होती, पाय जमिनीवर टेकवून, माझ्याकडे न बघता. नऊ गुण असलेली माझी बहीण.

"मला नाही येत," मी म्हटलं.

"काय व्हयनं तुले?" आई म्हणाली.

"काही नाही झालं आई. नाही येत मला."

टाळ्या थांबल्या. मला इतकं ओकंबोकं वाटलं, जणू ओट्यावर मांडलेलं माझं सामान कुणी उचलून नेलंय. हेच ती दरवर्षी इथे उभी राहून म्हणायची, येत असताना, आणि मी टाळ्या घ्यायची.

ज्योती झोक्यावर एका बाजूला सरकली.

"आठे बस, आक्का," ती म्हणाली.